चौथा हात

मारीपा एजेंनी फळ्यावर मोठा C काढला आणि त्याच्या चार बाजूंना चार रेघा ओढल्या.

"हा कार्बन," त्या म्हणाल्या. "ह्याला चार हात. एक जरी हात मोकळा राहिला तरी ह्याला चैन पडत नाही. साखर, लोकर, पेट्रोल, तुमच्या आजोबांच्या दाढेखालची तंबाखू, सगळं ह्यानं कुणाकुणाचे हात धरले म्हणून झालंय. कुणी कुणाला धरलं आणि किती हातांनी धरलं, एवढंच आपल्याला आता बघायचंय. उद्यापासून सुरू करू."

पण उद्यापासून अक्रोडाची वेचणी सुरू होणार होती. अक्रोडाची हिरवी सालं तडकू लागली की तेगिर्मेन-साय गाव कढया, गाद्या, कोंबड्या आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट डोंगरावर राहायला जातं आणि बर्फाच्या भीतीनेच काय ते खाली उतरतं. दुसऱ्या दिवशी रसायनाच्या तासाला सायकाल ट्रकमध्ये गाद्यांच्या ढिगावर बसली होती. मांडीवर कोंबड्यांची टोपली होती आणि त्यातली एक कोंबडी तिच्या मनगटाला सारखी चोच मारत होती. सायकालने हात बाजूला घेतला नाही. रडायला काहीतरी कारण हवंच होतं, ते आयतं मिळालं.

शाळा बंद नसे. ज्यांच्याकडे रान नव्हतं त्यांची पोरं वर्गात येत, तास होत, फळ्यावर पुढचं पुढचं लिहिलं जाई. आठवी-नववीत सायकालला त्याचं काही वाटलं नव्हतं. तेव्हा रसायन शिकवायला खेळाचे मास्तर येत, पुस्तक उघडून वाचत आणि अवघड शब्द आला की खोकत. मारीपा एजे आल्या गेल्या हिवाळ्यात; शिकवणाऱ्या बाईंना तिथे एजे, म्हणजे ताई, म्हणतात. त्या दुसऱ्या तालुक्यातून लग्न होऊन आलेल्या, नवरा रशियात, घरात एकट्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मिठाचा खडा जिभेवर ठेवायला लावला आणि तो का विरघळतो हे सांगितलं. त्या दिवसापासून सायकालला दुसरं काही सुचेनासं झालं. रात्री जेवताना ती पाण्याच्या भांड्याकडे बघत बसे आणि आई बुरुलसुन विचारी, "काय पडलंय त्यात?"

आता मारीपा एजे निघाल्या होत्या. नोवोसिबिर्स्कला त्यांच्या बहिणीने काम बघून ठेवलं होतं, कागद झाले होते. बर्फ पडायच्या आत त्या जाणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं, हेही ठाऊक होतं. म्हणजे कार्बन शिकायचा तो ह्याच दिवसांत, नाहीतर कधीच नाही. आणि ह्याच दिवसांत सायकाल डोंगरावर पालापाचोळा चिवडणार होती.

निघायच्या आधी तिने घरात भांडून पाहिलं होतं. "मला आत्याकडे ठेवा ना. मी तिची गाय धुईन, अंगण झाडीन."

"आणि आपलं वेचायचं कुणी?" बुरुलसुन म्हणाली. "तुझा भाऊ येणाराय का रशियातून विमानानं? आत्याची गाय धुते म्हणे!"

बाप तोक्तोबाय चुलीपाशी बसून ऐकत होता. हिवाळ्यात घोड्यासकट दरडीवरून घसरल्यापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. चहाचा वाडगा तो डाव्या हाताने धरी आणि पाहुणे आले की उजव्याने धरायला जाऊन सांडी. तो म्हणाला, "झाडं झोडून होईपर्यंत थांब. एकदा माल खाली पडला की वेचायला आम्ही दोघं आहोत. त्या दिवशी मी स्वतः तुला शाळेत नेऊन सोडतो. माझा शब्द."

तोक्तोबाय शब्द क्वचित देई. त्यामुळे सायकाल ट्रकमध्ये चढली.

रानात दिवस उजाडतो तो ओल्या पानांनी. हात घातला की बोटं बधिर होतात, आणि बोटांना कळायच्या आत अक्रोड कळायला हवा. सायकाल कमरेला पोतं बांधून उतारावर वाकायची ती ऊन माथ्यावर येईपर्यंत वाकलेलीच. मग चहा, नान, कुरुताचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, एखादा आंबट खडा. मग ताडपत्रीवर बसून आखूड सुरीने हिरवी सालं सोलायची. त्या सालांचा रस हाताला आधी पिवळा चढतो, मग तपकिरी, आणि आठवड्याभरात हात असे काळे होतात की साबणाने ते आणखीच काळे दिसतात. थंडी संपेपर्यंत ते तसेच राहतात. गावात त्याची कुणाला लाज नाही. शहरात गेलं की मात्र सगळे हात खिशात घालतात.

समोरच्या कड्याची सावली ओढ्यापर्यंत आली की खाली रसायनाचा तास सुरू होई. सायकालला ते न बघताही कळे. आता एजेंनी खडू उचलला असेल. पहिल्या बाकावर गुरांच्या डॉक्टरची मुलगी बसली असेल. डॉक्टरकडे रान नव्हतं, त्यामुळे ती कायम शाळेत. त्या मुलीला रसायनात काडीचा रस नव्हता, ती वहीच्या मागे नुसत्या भुवया काढत बसे, आणि एजे मात्र कार्बनचे चार हात तिला सांगणार! सायकालचा जीव तुटे. सुरी साल सोडून अंगठ्याला लागे.

मग तिने स्वतःच तास सुरू केला. सोललेला अक्रोड म्हणजे कार्बन, रानगुलाबाची लाल बोंडं म्हणजे हायड्रोजन, आणि मधे काडक्या. ताडपत्रीच्या कोपऱ्यात तिने एका अक्रोडाच्या चार बाजूंना चार बोंडं मांडली.

"हे काय? बाहुलीचं लग्न?" बुरुलसुनने विचारलं.

"मिथेन आहे, अपा."

"कुणाकडचा?"

"कुणाकडचा नाही. दलदलीत असतो. पेटतो."

"मग तंबूपासून लांब मांड," बुरुलसुन म्हणाली आणि पोतं ओढत गेली.

दोन अक्रोडांचं झालं, तिनांचं झालं. शेजारशेजारचे एकमेकांचा एकेक हात धरायचे, उरलेल्या हातांत बोंडं. मग एका दुपारी वासरू आलं आणि निम्मी बोंडं खाऊन गेलं. मागे दोन अक्रोड आणि चारच बोंडं उरली. सायकाल त्यांच्याकडे बघत राहिली. एकेकाच्या वाट्याला दोन बोंडं, तिसऱ्या हातात जोडीदाराचा हात, आणि चौथा? मोकळा हात ठेवून ह्याला चैन पडत नाही, असं एजे म्हणाल्या होत्या. मग बोंडंच संपली तर त्या हाताने करायचं काय? तिने ते वेचताना विचारलं, सोलताना विचारलं, गाय पिळताना विचारलं. उत्तर ज्यांच्याकडे होतं त्या खाली होत्या आणि डॉक्टरच्या मुलीला शिकवत होत्या.

यंदा वसंतात ऐन फुलोऱ्यात कडाका पडला होता. खालच्या फांद्या जळून गेल्या आणि अक्रोड धरला तो पार शेंड्याला. शेंड्याचा माल आपसूक पडत नाही, वर चढून फांद्या हलवाव्या लागतात. ते काम सायकालचा भाऊ मेदेरबेक करायचा. तो रशियात गेल्यापासून अब्दीमोमुन नावाचा एक हडकुळा माणूस वाट्याने करायचा. ह्या वर्षी अब्दीमोमुन 'आज येतो, उद्या येतो' करत आलाच नाही. मग कळलं की तो शेजारच्या रानात ओमुरझाककडे चढतोय. ओमुरझाकने त्याला जास्त वाटा कबूल केला होता आणि दुपारी मांसही घालत होता.

तोक्तोबायने एक दिवस वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी जोडे काढले आणि स्वतः झाडाला हात घातला. डाव्या हाताने फांदी धरली, पाय रोवला, अंग वर ओढलं. उजवा हात त्याने सवयीने वर नेला आणि तो मधेच अडला. क्षणभर तो तसाच लोंबकळला आणि मग खाली पालापाचोळ्यात धपकन पडला. लागलं फारसं नाही. पण बांधापलीकडे ओमुरझाक उभा होता.

"तोक्तोबाय, अक्रोड वर असतात रे. खाली काय शोधतोस?"

तोक्तोबाय उठला आणि पाठीवरची पानं झटकली. सायकालला त्याच्या मानेकडे बघवेना. आणि खरं सांगायचं तर तिला त्याच्यासाठी जेवढं वाईट वाटत होतं तेवढंच स्वतःसाठीही. झाडं झोडून होईपर्यंत, असा शब्द होता. झाडं तशीच उभी होती, खाली एकेक तास संपत होता.

दुसऱ्या दिवशी ती मेदेरबेकची जुनी विजार घालून तंबूबाहेर आली. बाईमाणसाने अक्रोडावर चढू नये, चढली तर झाड पुढच्या साली वांझ जातं, असं तिथे मानतात. मानतात म्हणजे कुणी तपासून पाहिलेलं नाही, कारण कुणी चढलेलीच नाही. सायकालने पायातले बूट काढले. बुरुलसुनच्या हातातली किटली तशीच राहिली.

"ए, उतर! उतर म्हणते ना! अहो, बघताय काय, सांगा तिला. लोक काय म्हणतील?"

तोक्तोबायने मुलीकडे पाहिलं. मग तो तिच्याकडे पाठ करून पलीकडच्या उताराकडे तोंड करून बसला आणि घोड्याचा तंग शिवायला घेतला. जे बघितलंच नाही त्याला मना कसं करणार? बुरुलसुनला ते कळलं तेव्हा तिने किटली खाली ठेवली आणि नवऱ्याच्या पाठीकडे बघून दातओठ खाल्ले.

सायकाल वर गेली. भीती वाटली, खोटं कशाला बोला. खोड ओलं होतं, पोटाला खरचटत होतं, आणि शेंड्याशी फांदी अशी वाकायची की तळपायातून जीव निघून जायचा. वरची फांदी दोन्ही हातांनी धरायची आणि खालच्या फांदीवर सगळं अंग आदळायचं. पहिल्या हिसक्याला चारदोन पडले. दुसऱ्याला सगळ्या उतारभर गारांसारखा आवाज झाला. खालून बुरुलसुन ओरडली, "सावकाश गं बये!" आणि पोतं घेऊन धावली.

"तोक्तोबाय, तुझ्या झाडावर अस्वल चढलंय वाटतं!" पलीकडून ओमुरझाकची हाक आली.

"अस्वल नाही, दादा, लेक आहे," तोक्तोबाय तंग शिवता शिवता म्हणाला. "अस्वल असतं तर हाकललं असतं."

मग ती रोज चढली. रात्री हात वळायचे नाहीत, मांड्या थरथरायच्या, बुरुलसुन तिच्या पोटाला मेंढीची चरबी चोळायची. पण झाडं संपत होती. एकेक झाड मोकळं झालं की सायकाल खाली ओढ्याकडे, गावाच्या दिशेने बघून घ्यायची. रानाच्या खालच्या टोकाची काही झाडं तेवढी उरली.

तिथल्या रिवाजाप्रमाणे मालकाने वेचणी संपवून चूल मोडली की रान सरव्याला खुलं होतं. मग कुणीही यावं, पानांखाली राहिलेलं वेचावं, कुणी अडवत नाही. पण त्याआधी कुणी पानं चाळताना सापडलं तर त्याची पिशवी तिथेच रिकामी करून, उलटी करून, वाटेवरच्या फांदीला टांगतात. ज्याची पिशवी टांगली गेली तो वर्षभर चहाच्या बैठकीत मागे बसतो.

सायकाल खालच्या टोकाच्या झाडावर होती तेव्हा आईचा आवाज तिच्या कानावर आला.

"काय गं ए! लाज नाही वाटत? आमचे अक्रोड अजून झाडावर आहेत आणि तू खालून चाटतेस होय? कुणाची आहेस तू? तोंड उघड!"

झुडपांमागे एक बाई उभी होती. डोळ्यांपर्यंत शाल, हातात कापडी पिशवी. ती पिशवी पोटाशी धरून मागे सरकत होती. बुरुलसुनने पिशवीला हात घातला. बाईने सोडली नाही. दोघी ओढू लागल्या, बाईचा पाय घसरला आणि पिशवी बुरुलसुनच्या हातात आली. तिने ती पालथी केली. ओंजळ-दोन ओंजळ अक्रोड पडले, तेही काळपट, गेल्या पावसात भिजलेले. बुरुलसुनने पिशवी उलटी केली आणि टांगायला फांदी शोधू लागली.

तेवढ्यात शाल सुटली.

"एजे!" सायकाल वरून ओरडली.

मारीपा एजेंनी वर पाहिलं. आधी त्यांना कळेचना हाक कुठून आली. मग पानांतून त्यांना विजार दिसली, काळे पाय दिसले, मग तोंड. "सायकाल? तू... झाडावर?"

बुरुलसुनच्या हातात उलटी पिशवी होती. तिचं तोंड उघडं पडलं. "मास्तरीणबाई... तुम्ही होय! अहो, मी काय... मला काय ठाऊक!"

"तुमची काय चूक," एजे म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "रान खुलं नाही हे मला दिसत होतं. पानांखालचे तेवढेच घेत होते. मी जाते."

सायकाल खोडावरून घसरत उतरली. पोट सोलवटलं त्याचं भान नव्हतं. "एजे, आज तास नव्हता का?"

"कसला तास?"

"आपला. रसायनाचा."

मारीपा एजे तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं, वर्गात आहे कोण? पहिल्या दिवशी चार टाळकी आली. मग एकटी डॉक्टरची पोरगी. मग तिची आई तिलाही घेऊन वाट्याने वेचायला गेली. यंदा पीक कमी, ज्याच्या त्याच्या घरात ओढाताण. मुख्याध्यापक म्हणाले, भिंतींना काय शिकवताय, तुम्हीही जा."

"म्हणजे पुढचं कुणीच शिकलं नाही?"

"कुणीच नाही."

सायकालला आधी आनंद झाला. डॉक्टरच्या मुलीलाही कार्बन मिळाला नव्हता! आणि मग त्या आनंदाच्या खाली काहीच लागेना. रोज सावली ओढ्याला टेकली की ती ज्या तासासाठी तळमळत होती तो तास कुठे नव्हताच. ती रिकाम्या वर्गावर जळत होती. ती झाडावर चढली होती ती एका कुलूप लावलेल्या खोलीत जाण्यासाठी. आणि एजे इथेच कुठेतरी ह्याच डोंगरावर, तोंड झाकून पानं चाळत होत्या.

"कधी निघताय?" तिने विचारलं.

"ओमुरझाकचा ट्रक संध्याकाळी पोती घेऊन उतरतोय, त्यातून जाते. मग ओश, मग विमान." त्या कसनुशा हसल्या. "बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं कशी जाऊ? तिची पोरं म्हणतील, अक्रोडाच्या गावाहून आली आणि अक्रोड नाही आणले. म्हटलं, चिमूटभर तरी."

बुरुलसुन कुणाची माफी मागत नाही, तिला ते येतच नाही. तिने पिशवी सरळ केली, तंबूपाशी गेली, पातळ सालीचे निवडून वेगळे ठेवलेले अक्रोड ज्या पोत्यात होते ते सोडलं आणि भरू लागली.

"बास, बास, बुरुलसुन!"

"बास कसलं? दाबून भरते." आणि मग पिशवीत बघतच म्हणाली, "पोरीला घटकाभर शिकवा. दिवसभर बोंडं मांडत असते, तिचं तिला कळत नाही आणि मला तर त्याहून नाही. खालचं मी वेचते."

दोघी ताडपत्रीवर बसल्या. सायकालने घाईघाईने मिथेन मांडला. एजेंनी पाहिलं आणि मान हलवली. "जमिनीवर मांडतेस म्हणून हे सपाट. फळ्यावरही सपाटच दिसतं, ती फळ्याची अडचण. हातात धर." त्यांनी ओल्या अक्रोडात सुरीच्या टोकाने भोकं पाडली, काडक्या खोचल्या. एक काडी वर, तीन खाली पसरलेल्या. "चारही हातांना एकमेकांपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जायचं असतं. कार्बन असा उभा असतो, हवेत."

सायकालने तो अक्रोड तळहातावर फिरवला. कुठल्याही बाजूला टेकवला तरी तो तीन पायांवर बसे आणि एक हात वर राही. तिला हसू यायला लागलं, थांबेचना. इतके दिवस तिने त्याला निजवून ठेवलं होतं.

"एजे, आणि बोंडं कमी पडली तर? दोन कार्बन आणि चारच बोंडं असली तर त्या उरलेल्या हातांनी करायचं काय?"

मारीपा एजेंनी तिच्याकडे दचकून पाहिलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"वासरानं खाल्ली बोंडं."

एजे मोठ्याने हसल्या. त्यांना असं हसताना सायकालने वर्गात पाहिलं नव्हतं. "मग उरलेले दोन हात एकमेकांनाच धरतात. एक हात आधीच धरलेला, आता दुसराही. दुहेरी बंध. दुसरं कुणी नसलं की जे आहेत ते एकमेकांना आणखी घट्ट धरतात." हे बोलून त्यांनी पोत्यांकडे पाहिलं. तिकडे तोक्तोबाय एका हाताने पोत्याचं तोंड धरून होता आणि बुरुलसुन दुसरं टोक आवळून बांधत होती.

मग एजे भराभर बोलू लागल्या. पुढे कुणी सांगणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. लांब साखळ्या, फाटे फुटलेल्या साखळ्या, दारू कशी होते, दह्याचा आंबटपणा कुठून येतो. सायकालचे काळे हात आणि एजेंचे काळे हात एकाच ढिगातून अक्रोड उचलत होते, कुणाचा कुठला ते ओळखू येत नव्हतं. सायकालला वाटत होतं, ही सावली ओढ्यापर्यंत पोचूच नये.

"आता हे बघ. सगळ्यात सुंदर." एजेंनी सहा अक्रोड गोलाकार मांडले. "बेंझिन. सहा कार्बन, सहाच बोंडं. प्रत्येकानं उजवीकडच्याचा एक हात धरला, डावीकडच्याचा एक, आणि एक बोंड. झाले तीन. चौथा हात?"

"दुहेरी बंध!" सायकाल म्हणाली. "एक सोडून एक. ह्या दोघांनी दुहेरी धरायचं, मग त्या दोघांनी, मग त्या."

"शाब्बास. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं. पण दोन हातांनी धरलं की माणसं जवळ येतात. म्हणजे गोलात काही जागी अंतर कमी पडायला हवं, काही जागी जास्त. लोकांनी मोजलं. सहाच्या सहा अंतरं सारखी! एक केसभर फरक नाही."

"मग? मग चौथा हात कुणाला धरतो?"

ओमुरझाकच्या ट्रकचा भोंगा वाजला. लांब, मग पुन्हा लांब. ओमुरझाक कुणासाठी थांबणारा माणूस नव्हता. मारीपा एजे उठल्या, पिशवी खांद्याला लावली. ती इतकी जड होती की त्या एका बाजूला कलल्या. त्यांनी सायकालच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि भोंगा तिसऱ्यांदा वाजला. त्या उतारावरून पळत गेल्या. सायकाल झाडांतून ट्रकचा आवाज जाईपर्यंत ऐकत उभी राहिली आणि मग कितीतरी वेळ आवाज नसतानाही.

शेवटचं झाड झोडून झालं त्या दिवशी तोक्तोबायने घोड्यावर खोगीर टाकलं.

"कुठं?" बुरुलसुनने विचारलं.

"हिला शाळेत सोडायला."

"अहो, तिथं आहे कोण?"

"ते मी बोललो नव्हतो. झाडं झाली की नेऊन सोडतो, एवढं बोललो होतो."

बुरुलसुनला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. सायकालला वाटलं, नको म्हणावं. पण बापाचं तोंड बघून ती मागे बसली. उतारावर तोक्तोबायचा दुखरा खांदा घोड्याच्या प्रत्येक पावलाला हिसकत होता आणि ते सायकालला त्याच्या पाठीला टेकलेल्या गालातून कळत होतं.

शाळेचा वॉचमन चहा पीत होता. तोक्तोबायने त्याला अक्रोडाची पुरचुंडी दिली आणि रसायनाची खोली उघडायला लावली. आत शेगडी थंडगार होती, खुर्च्या बाकांवर उलट्या ठेवलेल्या, फळा धुऊन कोरा. तोक्तोबायने डाव्या हाताने एक खुर्ची खाली उतरवली आणि पहिल्या बाकावर बसला. गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून ते बाजूला काढले. डोक्यावरचा कल्पाक काढून मांडीवर ठेवला.

"सुरू कर," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी तुम्ही दोघी काय बोलत होतात ते. एवढं काय होतं त्यात, की माझी पोर झाडावर चढली? मलाही कळू दे."

सायकालला लाज वाटली, मग खडू सापडला. तिने C काढला, चार रेघा ओढल्या. ह्याला चार हात, ती म्हणाली.

"मला दीड," तोक्तोबाय म्हणाला. "बरं, पुढं."

तिने पुढे सांगितलं. सपाट नाही, हवेत. दोन कार्बन, दुहेरी बंध. बापाला सगळं कळत होतं असं नाही, पण तो मेंढरं मोजताना जसा ओठ हलवतो तसे ओठ हलवून प्रत्येकाचे हात मोजत होता आणि एका ठिकाणी त्याने तिची चूकही पकडली. शेवटी तिने सहाचा गोल काढला. उजवीकडे एक हात, डावीकडे एक, बाहेर एक बोंड. एक सोडून एक दुहेरी का नसतं आणि अंतरं सारखीच कशी भरतात, तेही तिने जसंच्या तसं सांगितलं.

तोक्तोबायने मोजलं. पुन्हा मोजलं. "तीनच होतात. चौथा हात कुणाला धरतो?"

सायकाल खडू धरून उभी राहिली. तो तिच्याकडे बघत होता, ती सांगेल म्हणून, वर्गात बसलेल्या पोरासारखा अगदी खात्रीने. तिला सगळं सांगता आलं होतं, एवढंच येत नव्हतं, आणि हे ज्यांना येत होतं त्या आता कुठल्या रस्त्यावर होत्या, ठाऊक नव्हतं.

"ते सांगायचं राहिलं, अता," ती बापाला म्हणाली आणि तिला रडू फुटलं. कोंबडी टोचली तेव्हासारखं नाही, आतून, मोठ्याने, नाक पुसायचं भान न राहता. तिने रडत रडत फळा पुसायचं फडकं उचललं.

तोक्तोबाय बाकावरून उठला. "पुसू नकोस," तो म्हणाला. "राहू दे तसंच. कुणीतरी येईल, त्याला विचारू."

कुणी येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. सायकालने फडकं खाली ठेवलं. वॉचमनने दारात किल्ल्या वाजवल्या, आणि ती दोघं बाहेर पडून घोड्याकडे गेली.